दादाच्या आवाजाचं फोल्डर

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या घरात कुठलंही हत्यार चालत नाही. वडील नांगर, विळे, कुऱ्हाड धुऊन ओळीनं मांडायचे आणि एकदा कुंकू लावलं की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. मी शेती सोडून शहरात आलो, सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं जुळवून द्यायचा धंदा मांडला, तरी तो दंडक काही सुटला नाही. नांगराच्या जागी कॉम्प्युटर आला आणि विळ्याच्या जागी कागद कापायची सुरी, एवढाच फरक. दर वर्षी मी पडद्याला, कीबोर्डला, माउसला कुंकवाचं बोट लावतो, झेंडूचं फूल ठेवतो आणि गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगतो.

त्या नवमीला सकाळी पूजेचं ताट घेऊन गेलो, तर कॉम्प्युटर स्वतःच्याच उद्योगात होता. निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके आणि खाली सूचना: अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. आकडा तिशीच्या आसपास अडकून बसला होता. मी अर्धा तास वाट पाहिली. ताटातलं निरांजन दोनदा विझलं. बायको म्हणाली, चालू असू दे की, लावा तसंच कुंकू. तिचं म्हणणं सरळ होतं, पण मी एकदा हट्टाला पेटलो की सरळ गोष्ट मला दिसत नाही. चालत्या नांगराला कुणी कुंकू लावत नाही, असं मी तिला वडिलांच्या थाटात सुनावलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. मी समाधानानं पूजा केली. इतक्या समाधानानं मी आयुष्यात क्वचितच काही बिघडवलं असेल.

दसऱ्याला सकाळी बटण दाबलं. नेहमीपेक्षा बराच वेळ ठिपके फिरत राहिले, मग 'स्वागत आहे' अशी पाटी आली. घर आपलं, यंत्र आपलं, आणि ते आपलंच स्वागत करतंय, इथंच मला संशय यायला हवा होता. पडद्यावर कुठला तरी अनोळखी डोंगर आणि तळं दिसलं. एरवी माझ्या पडद्यावर बोट ठेवायला जागा नसते. कितीतरी वर्षांची कामं मी तिथंच उघड्यावर ठेवतो, कारण आत कुठल्या कप्प्यात ठेवलं की मला सापडत नाही. ते सगळं गेलं होतं. कोपऱ्यात कचऱ्याची टोपली तेवढी उरली होती, आणि तीही रिकामी होती.

पत्रिकांचं मला फारसं वाटलं नाही. लग्नं होऊन गेलेल्यांच्या पत्रिका ठेवून करायचं काय? माझा जीव गेला तो वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या एका फोल्डरसाठी. त्यात चौदा फायली होत्या आणि त्या चौदा फायलींत माझ्या थोरल्या भावाचा आवाज होता. तो आवाज जगात दुसरीकडे कुठंही नव्हता. दादाच्या गळ्यातही नव्हता.

दादा आमच्या गावातच राहतो, लासूर स्टेशनपासून जवळ. स्टेशनच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे त्यानं उभी हयात कांद्याचा लिलाव पुकारला. ट्रॉलीवर चढून तो बोली सुरू करायचा तेव्हा पार तिकडच्या टोकाला चहा पीत उभे असलेले व्यापारी कप खाली ठेवायचे, असं लोक सांगतात. मी स्वतः पाहिलंय ते एवढंच, की त्याला कधी भोंगा लागला नाही. तो आवाज कसा होता हे लिहायला बसलो की माझी गाडी इथंच अडते, म्हणून ते राहू द्या.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या गळ्यात गाठ निघाली. तंबाखूची पिशवी जन्मभर कमरेला होती, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही, त्याला तर नाहीच. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढलं तर माणूस राहील. दादानं विचारलं, "मंग बोलायचं कशानं?" डॉक्टर म्हणाले, शिकवू आपण, त्याचंही मशीन मिळतं. दादानं मान डोलावली, जशी तो लिलावात न पटलेल्या दरालाही डोलवायचा तशी. ऑपरेशनच्या आधीचे आठ दिवस तो आमच्याकडे राहिला आणि त्या आठ दिवसांत त्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचं मी ठरवलं. त्याला अर्थातच ते पोरकट वाटलं.

पहिल्या दिवशी माईकसमोर बसून त्यानं नुसता घसा खाकरला आणि उठून गेला. मशीनशी काय बोलू, ते काय बोली लावतंय का, असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी बायकोनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि सहज म्हणाली, दादा, या माझ्या कपबशीचा तरी लिलाव करा. झालं! दादानं कपबशी उचलली, कानाचा टवका उडालेला आहे हे आधीच कबूल केलं आणि बोली सुरू केली. त्या आठ दिवसांत त्यानं आमचं घर विकून काढलं. पंखा विकला, माझी खुर्ची विकली, शेजाऱ्यांची मोटरसायकल त्यांना न विचारता विकली, शेवटी मला विकायला काढलं आणि गिऱ्हाईक मिळेना म्हणून घरातच ठेवून घेतलं. बोलीच्या मधे गप्पाही यायच्या. वडिलांचा मार, भिजलेला कांदा चढ्या भावानं गेला तो दिवस, वहिनीला बघायला गेला तेव्हा तिच्या गावचं कुत्रं कसं वेशीपर्यंत मागं लागलं होतं ते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मात्र तो दार लावून एकटाच बसला. कुठलं बटण दाबायचं ते मी त्याला दाखवून ठेवलं होतं. ती चौदावी फाइल. ती ऐकायची नाही, असं त्यानं मला बजावलं होतं, आणि मी ती कधी ऐकली नाही.

आणखी एक त्यानं बजावलं होतं. "फोनमधी ठिवायचं नाय. कुनाला द्यायचं नाय. गावात फिरंल. यार्डात लोक लावून ऐकतील अन् च्च च्च करतील. मला ते नाय पायजे." मी शब्द दिला. पेन ड्राइव्हवर एक प्रत काढून ठेवावी असं कितीदा तरी मनात आलं, पण शब्द आडवा यायचा. दादाला दिलेले शब्द मी आयुष्यभर मोडत आलो. शेती करीन म्हणालो होतो, आईला सांभाळीन म्हणालो होतो, त्यातलं काहीच धड केलं नाही. नेमका हा एवढा एक शब्द पाळला.

ऑपरेशन नीट झालं. दादा राहिला. गळ्याला भोक पडलं, त्यावर पांढऱ्या कापडाची झालर आली आणि खिशात एक छोटी वही आली, तिला दोऱ्यानं पेन बांधलेलं. डॉक्टरांनी सांगितलेलं मशीनही आणलं होतं. गळ्याला टेकवलं की त्यातून लोखंडी, एकसुरी शब्द निघायचे. दादानं ते एकदाच वापरलं. नात रडायला लागली, तसं त्यानं ते ट्रंकेत टाकलं आणि वर ट्रंकेला कुलूप लावलं.

तेव्हापासून दर महिन्याला तो तपासणीसाठी शहरात येतो. दवाखान्यातलं काम तासाभरात उरकतं. मग रिक्षानं आमच्याकडे येतो, जेवतो, आणि माझी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसतो. हात पुढं करतो. मी त्याच्या हातात हेडफोन देतो, फोल्डर उघडून देतो आणि खोलीबाहेर येतो. अर्धा-पाऊण तास तो ऐकत बसतो. घरी वहिनीला वाटतं, तपासणीलाच एवढा वेळ लागतो. खरं सांगायचं तर मला याचा थोडा रागच यायचा. माणसानं स्वतःच्या आवाजाचं किती कौतुक करावं! मी एकदा बायकोला म्हणालोही, की ट्रॉलीवरून उतरला पण मिरवायची हौस काही उतरली नाही. ती ताटं उचलून आत गेली. तिला काही कळलं होतं असं नाही, पण निदान ती बोलली तरी नाही.

दसऱ्यापासून नवव्या दिवशी त्याची तपासणी होती. म्हणजे माझ्या हातात आठ दिवस होते.

पहिले तीन दिवस मी जे केलं ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. मी कॉम्प्युटर बंद-चालू करत बसलो. रुसलेलं माणूस दोन दिवसांनी आपोआप बोलायला लागतं, तसं होईल अशी काहीतरी माझी समजूत होती. त्यात तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांची गर्दी दसऱ्यालाच सुरू होते. गिऱ्हाईक दारात, आणि माझ्याकडे अक्षरं नाहीत, गणपती नाही, कलश नाही. मग मी कपाटातल्या जुन्या सीडीच्या तबकड्या काढल्या आणि सगळं परत भरलं. मराठी अक्षरांचे दोन-अडीचशे नमुने, नक्ष्या, किनारी, चित्रं, भला मोठा पसारा. भरून झाल्यावर यंत्र पुन्हा माझंच दिसायला लागलं आणि मला उगीच बरं वाटलं. त्या दोन दिवसांत मी सात पत्रिका जुळवल्या. वधूवरांना आशीर्वाद द्यायला अगत्य येण्याचे करावे, असं सात वेळा लिहिलं.

चौथ्या दिवशी यंत्र पोत्यात गुंडाळून औरंगपुऱ्यात नेलं. तिथं एका गाळ्यात माझ्याच वयाचा एक कारागीर बसतो. पूर्वी रेडिओ, टेप दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर करतो. त्याला सगळे उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. त्यानं यंत्र उघडलं, जोडलं, बराच वेळ खाली-वर पाहिलं, आणि अपडेट चालू असताना बंद कुणी केलं असं विचारलं. मी म्हणालो, लाइट गेली होती. साठीला आलेला माणूस मी, आणि पोरासारखं खोटं बोललो. मग लाज वाटली आणि खरं सांगितलं. तो हसला नाही. त्यांच्याकडेही जुने कारागीर एखादा दिवस हत्यार बंद ठेवतात, असं म्हणाला. त्यानंतर काय काय केलं, असं विचारल्यावर मी अक्षरं भरल्याचं सांगितलं, आणि तेव्हा मात्र त्याचा हात थांबला.

त्यानं मला नीट समजावलं. फाइल जाते म्हणजे लगेच पुसली जात नाही. यंत्र तिच्या जागेवर रिकामी अशी पाटी लावतं. दुसरं कुणी येऊन तिथं बसेपर्यंत जुनं तिथंच असतं, फक्त दिसत नाही. "उसी दिन आते तो बात अलग थी साहेब," तो म्हणाला. "जगह खाली दिखी, आप तो बाराती बिठा दिये." मग माझं तोंड पाहून त्यानं भराभर सांगितलं, की सगळ्याच जागा भरल्या असतील असं नाही, बघू, मशीन ठेवून जा, आणि आता त्यात नवीन काही भरायचं नाही.

शोधायचं काम दीड दिवस चाललं. मी दोन्ही दिवस त्याच्या गाळ्यात स्टुलावर बसून होतो. त्यानं जा म्हटलं नाही आणि मी गेलो नाही. पडद्यावर नावांची रांग उमटत होती. नावं कसली, नुसते आकडे. जुनी नावं जातातच, असं तो म्हणाला. जे आलं ते पाहून हसावं की रडावं कळेना. शेकड्यांनी लग्नपत्रिका परत आल्या. पावतीपुस्तकं आली. एका गिऱ्हाइकानं तीनदा बदलून घेतलेला दुकानाचा बोर्ड तिन्ही वेळचा आला. ज्यांच्यावाचून माझं काही अडलं नव्हतं ते सगळे हजर होते.

आवाजाच्या फायली चाळीसेक निघाल्या. उस्तादनं एकेक लावून पाहिली. बहुतेक यंत्राचेच आवाज, टिंग आणि टुंग. तीन उघडल्याच नाहीत. एकीत नुसती खरखर होती. मग एक उघडली आणि गाळ्यात माझा आवाज आला.

"हं, झालं चालू. बोल दादा."

खुर्ची करकरली. कुणीतरी घसा खाकरला. आणि मग सूऽऽ असा एकच वाफेसारखा आवाज सुरू झाला. खालचा काटा पुढं सरकत होता, एकूण अकरा मिनिटांची फाइल दाखवत होता, पण आत तेवढंच. मी उस्तादकडे पाहिलं. त्यानं ती बंद केली नाही. "पूरी सुनते," तो म्हणाला, "बीच में कहीं निकल आया तो." समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना त्यानं हातानं थांबवलं. आम्ही दोघं अकरा मिनिटं ती वाफ ऐकत बसलो. मधे काही निघालं नाही.

मग मी त्याला विचारलं, पुण्याला, मुंबईला याहून मोठे लोक असतील ना. तो म्हणाला, आहेत, बिघडलेली डिस्क ते उघडतात, पण इथं डिस्क बिघडलेली नाही. डिस्क चांगली आहे, तिच्यावर आता दुसरंच लिहिलेलं आहे. "झूटी उम्मीद नक्को रखो साहेब," एवढं तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ती अकरा मिनिटांची फाइल देऊ का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. मग परत फिरलो आणि दे म्हणालो. घसा खाकरलेला तरी दादाचा होता.

घरी आलो आणि मला दुसऱ्याच गोष्टीनं ग्रासलं. दादाला कळवायचं कसं? फोन केला तर तो उचलतो, ऐकतो आणि टिचकी मारून हो-नाही सांगतो, एक टिचकी हो, दोन नाही. अशा माणसाला फोनवर सांगायचं की तुझा आवाज मी घालवला, आणि टिचकीची वाट बघायची? लिहून पाठवलं तर ते आधी वहिनी वाचणार, आणि इथं येऊन तो काय करतो हे घरात कुणाला माहीत नाही. बायको म्हणाली, यंत्र दुरुस्तीला टाकलंय म्हणून सांगा, एक महिना तरी निघेल. मी तिच्यावर खेकसलो, आणि रात्रभर तोच विचार केला.

सकाळी पॅसेंजर धरून लासूर स्टेशनला गेलो. माझ्या डोक्यात आलं होतं की इतकी वर्षं यार्डात पुकारलं, कुणाच्या ना कुणाच्या फोनमधे दादाचा लिलाव निघेलच. बायकोला पत्रिकांचा कागद बघायला जातो म्हणून सांगितलं. स्वतःच्या गावच्या स्टेशनात मी चोरासारखा उतरलो आणि घराकडचा रस्ता टाळून मागच्या बाजूनं यार्डात शिरलो. लिलाव सुरू होता. नवा पुकारणारा ट्रॉलीवर उभा होता, शेजारी खांबाला भोंगा. त्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता आणि माझा त्या बिचाऱ्यावर विनाकारण संताप होत होता.

एका जुन्या व्यापाऱ्यानं मला ओळखलं. दादाची चौकशी केली, लई मोठा माणूस, असं म्हणाला. मी थाप मारली, यार्डाची एक पुस्तिका जुळवतोय, जुना एखादा व्हिडिओ असला तर बघू. त्यानं चष्मा कपाळावर चढवून फोन चाळला, आणखी दोघांना हाका मारल्या. शेवटी एकाकडे निघाला. तीन वर्षांपूर्वीचा. दादा ट्रॉलीवर उभा, पाठमोरा, उजवा हात वर, समोर माणसांची दाटी. हात खाली येतो, पुन्हा वर जातो. मी फोन कानाशी नेला. त्यातून ढोल-ताशावरचं गाणं वाजत होतं.

"आवाज लई गलका व्हता," तो माणूस म्हणाला, "म्हनून गानं टाकलं म्या. स्टेटसला ठिवलं व्हतं. लई लोकांनी पाह्यलं." मूळचा आहे का, असं विचारलं तर म्हणाला, नाय, फोन भरला व्हता, काढून टाकला. मी त्याच्या फोनमधे तो व्हिडिओ तीनदा पाहिला. गाण्याच्या मागं काही ऐकू येतं का ते बघत होतो. माझ्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट घरी आहे, तीतही दादा बोलताना दिसतो, आणि वर बँड वाजतो. आपल्याकडे माणसाचं बोलणं नुसतं ठेवायची कुणाला सवयच नाही. त्यावर गाणं चढवल्याशिवाय ते ठेवण्याजोगं वाटत नाही.

नवव्या दिवशी दादा आला. तपासणीचे कागद चांगले होते, ते त्यानं आधी बायकोच्या हातात दिले. जेवताना मी त्याला दोनदा भाजी वाढली, तीही नको असताना. तो माझ्याकडे बघत होता. व्यापारी खरंच बोली लावतोय की नुसता भाव चढवतोय, हे त्याला जन्मभर तोंडावरून ओळखावं लागलं, त्यामुळे त्याच्यासमोर मला कधीच काही लपवता आलं नाही. हात धुऊन तो पुढच्या खोलीत आला, खुर्चीवर बसला, पण हात पुढं केला नाही. वही काढली आणि लिहिलं.

"यार्डात आला व्हता म्हनं. घरी का नाय आला?"

म्हणजे त्याला कळलं होतं. गावात कळायचं काय राहतं! मी शेजारच्या स्टुलावर बसलो आणि सांगून टाकलं. नवमीची पूजा, बंद केलेलं बटण, भरलेली अक्षरं, उस्ताद, अकरा मिनिटं, गाणं चढवलेला व्हिडिओ, सगळं. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबलोच नाही. शेवटी म्हणालो, माझ्या हातून गेलं दादा, परत येत नाही, मी सगळं करून पाहिलं. आणि मग मला रडू आलं. तो चिडला असता तर मला सोसलं असतं. लहानपणी तो चिडला की हातात येईल ते फेकायचा. तो नुसता पडद्याकडे बघत होता, तिथं तो कुठला तरी डोंगर आणि तळं होतं.

मी त्याला उरलेली ती एक फाइल लावून दिली. त्यानं हेडफोन घातले. घसा खाकरलेला ऐकला असेल तेव्हा त्याचा हात गळ्यावरच्या कापडाकडे गेला. पुढची वाफ त्यानं थोडी ऐकली आणि हेडफोन काढून ठेवले. मग वही घेतली. तो सहसा चार-पाच शब्द लिहितो. या वेळी तो बराच वेळ लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. मला वाटलं, चौदाव्या फायलीत काय होतं ते लिहितोय. त्यानं वही माझ्याकडे सरकवली.

"मला माझा आवाज ध्यानात येत नाय. पहिल्याच वर्षी गेला. इथं ऐकलं की आठ धा दिस कानात ऱ्हातो, मंग जातो. मनातल्या मनात बोलतो तव्हा बी येत नाय. घरी सांगू नको."

मी ते दोनदा वाचलं. दोन वर्षं मी दाराबाहेर उभा राहून म्हणत होतो, याची मिरवायची हौस फिटत नाही. त्यानं वही परत ओढून घेतली, खाली आणखी एक ओळ लिहिली आणि माझ्यापुढं धरली.

"तुला येतो का?"

"येतो की," मी म्हणालो. "लख्ख येतो."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी नजर हलू दिली नाही. मग त्यानं मान डोलावली, दोन शब्द लिहिले आणि वही मिटून खिशात ठेवण्याआधी मला दाखवली: "मंग झालं." त्याची गाडी पाचची होती. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो आणि वाटेत रिक्षात त्याच्या शेजारी बसून त्याचं एखादं वाक्य आठवून पाहिलं. शब्द सगळे आले. ते माझ्याच आवाजात येत होते.